स्पीकर लावता येत नाही अशा घरात हेडफोनवर इलेक्ट्रॉनिक संगीताचं मिक्सिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: घर चौघांचं, भिंती पातळ, कामाला वेळ मिळतो तो रात्री, त्यामुळे स्टुडिओ स्पीकरचा विषयच नाही. हाऊस आणि टेक्नोचं मिक्सिंग क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कप असलेल्या हेडफोनवर होतं. हेडफोनमध्ये सगळं जागच्या जागी वाटतं. तेच गाडीत वाजवलं की बेस अंगावर येतो, लीड, म्हणजे मुख्य धून, मागे दबतो आणि ब्रेकमधला (ठोका थांबतो त्या भागातला) रुंद पॅड, म्हणजे सिंथचा सलग पसरलेला सूर, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर जवळजवळ नाहीसा होतो. अशा वेळी महागडे ओपन-बॅक (मागून उघडे) हेडफोन घ्यावेत का?

लगेच घेऊ नका. या तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी आहेत आणि नवीन हेडफोनने त्यातली फार तर एक सुटेल. शिवाय ओपन-बॅकचा आवाज बाहेर येतो, रात्री शेजारच्या खाटेवर झोपलेल्या माणसाला तुमचे हाय-हॅट ऐकू जातील. मुळात हेडफोन सरसकट फसवत नाही. तो ठरलेल्या जागी फसवतो: खालच्या बेसचं प्रमाण, मधल्या लीडची पातळी, डाव्या-उजव्याची रुंदी, रिव्हर्बचं (आवाजामागच्या घुमण्याचं) प्रमाण आणि ७ ते १० किलोहर्ट्झमधला तिखटपणा. बाकी गोष्टी, म्हणजे एडिटमधले क्लिक, कॉम्प्रेसरचा अटॅक (शिखरं दाबणारं हे साधन किती झटकन पकडतं ते), नको तिथे वाजणारे रेझोनन्स, सॅम्पलमागची हिस्स, हे हेडफोनवर कच्च्या खोलीतल्या स्पीकरपेक्षा स्पष्ट कळतं. म्हणून वर सांगितलेल्या पाच निर्णयांना दुसरा साक्षीदार लावायचा आणि उरलेलं काम निर्धास्तपणे कानावर करायचं. पुढचं सगळं त्या साक्षीदारांबद्दल आहे.

आधी हेडफोन नीट बसतोय का ते बघा

बंद हेडफोनचा बेस पूर्णपणे सीलवर अवलंबून असतो. चष्म्याची काडी, कानाजवळचे केस किंवा चपटं झालेलं पॅड यामुळे कप आणि गाल यांच्यात फट राहिली की साधारण १०० हर्ट्झखालचा आवाज गळतो. तुम्हाला बेस कमी ऐकू येतो, तुम्ही फेडर (पातळीची सरकपट्टी) वर नेता आणि गाडीत तो अंगावर येतो. बेसच्या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच तपासायला सांगतो, कारण यात पाच मिनिटं जातात आणि खर्च काही नाही.

४० हर्ट्झची साधी साइन वेव्ह हलक्या आवाजात लावा. दोन्ही तळव्यांनी कप डोक्यावर अलगद दाबा. थोडासा फरक पडेलच. पण आवाज एकदम भरून आला तर सील गळतंय. चष्मा काढून पुन्हा करा. मग ३०, ४०, ५०, ६०, ८० आणि १०० हर्ट्झ एकामागून एक ऐका. कान खालच्या पट्टीत मुळातच कमी संवेदनशील असल्यामुळे ३० हर्ट्झ १०० पेक्षा मंद वाटणारच. बघायचं ते हे की उतार सलग आहे की मध्येच खड्डा पडतोय. मिक्सिंगला बसताना पातळ काडीचा चष्मा वापरा, किंवा पॅडचा मागचा भाग काडीखाली येईल असं बसवा. पॅड दाबल्यावर परत फुगत नसेल तर बदला. बायरडायनामिक डीटी ७७०, सोनी एमडीआर-७५०६ यांसारख्या हेडफोनचे पॅड सुटे मिळतात. शक्यतो मूळ कंपनीचेच घ्या. दुसऱ्या जाडीचं किंवा दुसऱ्या कापडाचं पॅड लावलं की हेडफोनचा सूर बदलतो आणि कानाला लागलेली सवय वाया जाते.

नंतर मोनो (दोन्ही कानांत एकच असलेला) पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचा एकसारखा खळखळाट, लावा. तो डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू आला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर हेडफोन उलटा घालून बघा. झुकण्याची बाजू बदलली तर दोष हेडफोनमध्ये किंवा त्याच्या आधीच्या आउटपुटमध्ये आहे. नाही बदलली तर तो कानाचा किंवा बसण्याचा फरक आहे. इंटरफेसचा (संगणक आणि हेडफोन यांच्यामधल्या आवाजाच्या पेटीचा) व्हॉल्यूमचा गोल खटका अगदी खाली, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर बऱ्याच स्वस्त खटक्यांत डावा-उजवा चॅनेल सारखा नसतो. त्यावर उपाय सोपा आहे: सॉफ्टवेअरमधली मॉनिटर पातळी १० ते १५ डीबी खाली घ्या आणि खटका मधल्या भागात आणा.

आउटपुटबद्दल एवढंच: इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा इम्पीडन्स (विद्युत अवरोध) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा जास्त नसावा. ८० ओहमच्या हेडफोनला १० ओहमपर्यंत चालेल. ३२ ओहमचा हेडफोन ३० ओहमच्या आउटपुटला जोडला तर हेडफोनचा इम्पीडन्स जिथे वाढतो, म्हणजे बहुतेक डायनॅमिक हेडफोनमध्ये बेसच्या रेझोनन्सपाशी, तिथे आवाज फुगतो. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनची अडचण वेगळी, त्याला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. ब्लूटूथ आणि नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मिक्सिंगला नकोत. ब्लूटूथमध्ये उशीर होतो, आणि नॉइज कॅन्सलिंगचं आतलं प्रोसेसिंग आवाजाचा तोल स्वतःच्या मर्जीने बदलतं.

आवाजाची एक जागा ठरवा

घरात टीव्ही, पंखा, कुणाचं फोनवर बोलणं चालू असतं. ते झाकायला आपण नकळत आवाज वाढवतो. आवाज वाढला की कानाला बेस आणि ट्रेबल दोन्ही जास्त वाटतात, कमी केला की दोन्ही मागे जातात. म्हणजे दर तासाला खटका हलत असेल तर तुम्ही दर तासाला वेगळ्या कानाने मिक्स करताय.

म्हणून घर शांत असताना -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणलेला, चांगला माहीत असलेला एक ट्रॅक लावा. समोरचा माणूस जरा ठासून बोलतोय इतपत आवाज येईल तिथे खटका आणा आणि त्या जागी चिकटपट्टीची खूण करा. मिक्सिंगचे निर्णय फक्त या खुणेवर घ्यायचे. दुसरी खूण त्याच्या बरीच खाली, इतकी की जेमतेम दोन-तीन गोष्टी ऐकू याव्यात. तिचा उपयोग पुढे येईल. मोठ्या आवाजासाठी तिसरी खूण हवीच असेल तर ती एक-दोन मिनिटांपुरती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास उरतात. रोज रात्री चार तास बसणाऱ्याने हे गणित डोक्यात ठेवावं. पाऊण तास काम, दहा मिनिटं कान मोकळे, हा क्रम पाळला तर रात्री उशिरा घेतलेले हाय-हॅटचे निर्णय सकाळी उलटवावे लागत नाहीत.

करेक्शन, क्रॉसफीड आणि एक्स्पोर्टचा घोळ

हेडफोनचा सूर सपाट करणारं इक्यू (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी बदलणारा इक्वलायझर) कामाचं आहे, पण त्याच्याकडून अपेक्षा माफक ठेवा. साउंडआयडी रेफरन्ससारखं तयार प्लगइन घ्या किंवा ऑटोइक्यू या मोफत प्रकल्पातले तुमच्या मॉडेलचे आकडे साध्या पॅरामेट्रिक इक्यूत भरा. रुंद दुरुस्त्या, म्हणजे २०० हर्ट्झचा फुगवटा किंवा ३ किलोहर्ट्झचा खड्डा, जशाच्या तशा घ्या. ८ किलोहर्ट्झच्या वरच्या अरुंद दुरुस्त्या मात्र सोडून द्या. तिथे तुमच्या कानाच्या पाळीचा आणि नळीचा आकार मोजमापाच्या कृत्रिम कानाशी जुळत नाही, आणि हेडफोन अर्धा सेंटिमीटर सरकला तरी शिखर हलतं. करेक्शनमध्ये कुठे ६ डीबी वाढ असेल तर त्याच प्लगइनच्या सुरुवातीला ६ डीबी कपात द्या, नाहीतर आउटपुट क्लिप होईल (कमाल मर्यादेला कापला जाईल) आणि ती खरखर तुम्ही मिक्समध्ये शोधत बसाल.

आता क्रॉसफीड. स्पीकरवर डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे वरची पट्टी कमी होऊन. हेडफोनमध्ये हे घडतच नाही. डावं ते फक्त डाव्या कानात. क्रॉसफीड प्लगइन ती गळती कृत्रिमपणे तयार करतं. बीएसटूबी हे जुनं आणि मोफत साधन आहे. त्याची मूळ मांडणी ७०० हर्ट्झ आणि ४.५ डीबी अशी आहे आणि सुरुवातीला तीच ठेवा. माझं मत असं की क्रॉसफीड कायम चालू ठेवू नये. पॅन, लीडची पातळी आणि रिव्हर्ब ठरवताना चालू, किक (ड्रमचा जाड ठोका), बेस आणि एडिटिंग करताना बंद. कायम चालू ठेवलं तर मेंदू त्यालाच सरावतो आणि त्यातून मिळणारा दुसरा दृष्टिकोन जातो.

आता जी चूक सगळ्यात जास्त ट्रॅक खराब करते ती: ही प्लगइन मास्टरवर (शेवटच्या आउटपुट चॅनेलवर) चालू असतानाच एक्स्पोर्ट होणं. मग श्रोत्याला तुमच्या हेडफोनचा उलटा सूर ऐकू येतो. रीपर या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉनिटरिंग एफएक्स ही वेगळी साखळी आहे, ती रेंडरमध्ये (काढलेल्या फाइलमध्ये) जात नाही. क्यूबेसमध्ये कंट्रोल रूमचे इन्सर्ट त्यासाठीच आहेत. अशी सोय नसेल तर सगळे ट्रॅक आणि सगळे रिटर्न (रिव्हर्बसारख्या इफेक्टचे चॅनेल) आधी 'मिक्स' नावाच्या एका बसवर, म्हणजे सामाईक चॅनेलवर, आणा, मिक्स-बसचं प्रोसेसिंग तिथे करा आणि मास्टरवर फक्त करेक्शन आणि क्रॉसफीड ठेवा. एक्स्पोर्ट त्या बसचा करा. विंडोजवर इक्वलायझर एपीओ वापरलं तर एक्स्पोर्टचा धोका नाही, पण असिओ ड्रायव्हरवर (तो थेट इंटरफेसशी बोलतो) आवाज त्याला वळसा घालून जातो. करेक्शन लागलंय असं वाटत राहतं, प्रत्यक्षात काहीच लागलेलं नसतं. एखादं बटण टोकाला नेऊन आवाज बदलतोय का ते बघूनच पुढे जा.

किक आणि बेस: इथे आकड्यांवर भरवसा ठेवा

हेडफोनमध्ये खोली नसते, म्हणून खोलीचे मोडही (ठरावीक सूर फुगवणारी किंवा गायब करणारी घुमणूक) नसतात. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते. छोट्या खोलीत ती एका कोपऱ्यात दुप्पट आणि दुसऱ्यात गायब ऐकू येते. त्या मानाने चांगल्या सीलचा हेडफोन खालच्या पट्टीचा आकार, म्हणजे किकची शेपूट किती लांब, बेसचा सूर कुठे घसरतोय, हे उत्तम दाखवतो. जे तो देत नाही ते म्हणजे छातीत आणि पायाखाली जाणवणारा धक्का. तो नसल्यामुळे प्रमाणाचा अंदाज चुकतो आणि चूक बहुधा जास्तीच्या बाजूला होते.

म्हणून प्रमाण मोजून ठरवा. तुमच्याच प्रकारातला, तुमच्या जवळच्या स्केलमधला एक चांगला ट्रॅक प्रोजेक्टमध्ये घ्या, मात्र त्याचा आवाज मिक्स-बसच्या प्रोसेसिंगमधून जाणार नाही असा. त्याची आणि तुमची पातळी ड्रॉपच्या (ब्रेकनंतर किक-बेस परत येतात त्या) भागात एलयूएफएस मीटरने जुळवा. क्लबसाठी मास्टर केलेला ट्रॅक -८ एलयूएफएस आणि तुमचा मिक्स -१८ असेल तर संदर्भ ट्रॅक १० डीबी खाली आणा. अर्ध्या डीबीच्या आत जुळलं पाहिजे, नाहीतर जो मोठा तोच छान वाटतो.

आता दोन्हींवर १२० हर्ट्झचा लो-पास फिल्टर (फक्त खालची पट्टी जाऊ देणारा) लावा, उतार २४ डीबी प्रति ऑक्टेव्ह, आणि पूर्ण ड्रॉपचा आरएमएस (सरासरी पातळी) वाचा. इथे एलयूएफएस चालणार नाही, कारण त्याच्या मोजणीत खालच्या पट्टीला कात्री लावणारा फिल्टर आधीच बसवलेला असतो आणि सब-बेस त्यात कमी धरला जातो. दोन्ही आकड्यांत २ डीबीपर्यंत फरक असेल तर तो आवडीचा प्रश्न आहे. ३ डीबीच्या वर गेला तर गाडीत जाणवणारच.

फरक नेमका कुठे आहे हे कळायला २० ते ६० आणि ६० ते १२० असे दोन पट्टे वेगळे मोजा. खालचा पट्टा जड असेल तर बहुतेक वेळा किकची शेपूट लांब असते. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंदांचा आणि त्याचा अर्धा २३४ चा. ऑफबीटवर (दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये) बेस येणार असेल तर किक २०० मिलिसेकंदांच्या आत संपायला हवी. २५० वरून १८० वर आणली की फेडरला हातही न लावता चिखल निवळतो. वरचा पट्टा जड असेल तर किकचा देह आणि बेसचा दुसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या दुपटीचा सूर) दोन्ही ८५ ते ११० मध्ये एकत्र आलेले असतात. त्यापैकी बेसमधून, इक्यूचा क्यू (रुंदीचा आकडा) १ च्या आसपास ठेवून, २ ते ३ डीबी काढा. गाडीची बंद केबिन खालची पट्टी स्वतःहून वाढवते, त्यामुळे 'गाडीत बेस अंगावर येतो' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

किकवर ३० हर्ट्झला ४८ डीबीचा खडा हाय-पास (खालची पट्टी कापणारा फिल्टर) लावण्याचा मोह टाळा. त्याने फेज फिरते, किकचा ठोसा पसरतो आणि शिखर उलट वाढूही शकतं. १२ डीबीचा उतार पुरतो, तोही गरज असेल तरच.

साइडचेन, म्हणजे किक वाजताना कॉम्प्रेसरने बेस दाबणं, याबद्दल: बेस एफ-१ वर असेल तर त्याची मूळ वारंवारता ४३.७ हर्ट्झ, म्हणजे एक आवर्तन सुमारे २३ मिलिसेकंदांचं. कॉम्प्रेसरचा रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) ४०-५० मिलिसेकंदांच्या खाली नेला की गेन लहरीच्या आकाराबरोबर हलायला लागतो आणि बेस फाटतो. हेडफोनवर हे खरखरीसारखं ऐकू येतं आणि लोक ती सिंथमध्ये शोधत बसतात. अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत, रिलीज ९० ते १२०, गेन रिडक्शन ६ ते १० डीबी अशी सुरुवात करा. रिलीज इतका हवा की ऑफबीटला बेस पूर्ण परत आलेला असेल. किक पुरेशी बसल्यावरच बेसचा फेडर शून्यातून वर आणा, उलट क्रमाने नको.

किक आणि बेस एकमेकांवर येत असतील तर बेसची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करून तोच लो-पास आरएमएस पुन्हा वाचा. ज्या बाजूला आकडा मोठा ती बाजू ठेवा. पण बेसच्या ऑसिलेटरची फेज प्रत्येक नोटला नव्याने सुरू होत नसेल तर ही चाचणी निरर्थक आहे. प्रत्येक ठोक्याला वेगळं उत्तर येईल. आधी सिंथमध्ये फेज रिस्टार्ट चालू करा. १०० ते १२० हर्ट्झखालचं सगळं मोनो ठेवा. अनेक क्लबांत सब मोनोच चालतात, आणि विनाइल कापतानाही खाली रुंद बेस चालत नाही.

नजरेसाठी व्हॉक्सेंगोचा स्पॅन हा मोफत अ‍ॅनालायझर पुरेसा आहे. ४८ किलोहर्ट्झला ८१९२ चा ब्लॉक (एका वेळी मोजले जाणारे नमुने) ठेवला तर एक घर जवळपास ६ हर्ट्झचं होतं, आणि ४० ते ५० मध्ये काय चाललंय ते धूसर दिसतं, १६३८४ करा. उतार ४.५ डीबी प्रति ऑक्टेव्ह ठेवला की नाचायच्या संगीताचा पट्टा बराचसा आडवा दिसतो, आणि संदर्भ ट्रॅकशी तुलना सोपी होते. आलेख सपाट करण्याच्या मागे मात्र लागू नका.

लीड का दबतो

स्पीकरवर सगळं संगीत समोरच्या ६० अंशांत कोंबलेलं असतं आणि त्यात खोलीचा आवाज मिसळतो. हेडफोनमध्ये तेच एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पसरतं. प्रत्येक थर सुटा ऐकू येतो, म्हणून मधला लीड किंवा गाण्याचा आवाज २ डीबी कमी असला तरी स्पष्ट कळतो. स्पीकरवर गर्दी झाली की तो बुडतो.

इथे ती खालची खूण कामी येते. मिक्स मोनो करा, आवाज जेमतेम ऐकू येईल इतका करा. किक, क्लॅप आणि लीड, हे तिघं याच क्रमाने किंवा लीड सगळ्यात पुढे असे ऐकू यायला हवेत. लीडऐवजी पॅड किंवा शेकर ऐकू आला तर लीड १ ते १.५ डीबी वर घ्या किंवा पॅडमधून १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये जागा करा. दुसरा उपाय बहुधा बरा, कारण पहिल्याने सगळेच फेडर हळूहळू वर सरकत जातात.

पॅनची चूक याच्या उलट्या दिशेने होते. हेडफोनवर पूर्ण डावीकडचा हॅट कानात टोचतो म्हणून लोक तो ४० टक्क्यांवर आणतात आणि स्पीकरवर सगळं मध्ये गोळा होतं. क्रॉसफीड चालू करून ठरवा. ७०-८० टक्के तेव्हा सुसह्य वाटेल.

पॅड कुठे गेला

छोट्या स्पीकरवर डावं आणि उजवं एकत्र होतं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन चॅनेल मोनोत आले की मधल्या किकच्या तुलनेत ३ डीबी पडतात. हे नैसर्गिक आहे, त्याला दोष समजू नका. पॅड ६ डीबी किंवा जास्त पडत असेल तर कुठेतरी फेज उलटी होतेय. कोरिलेशन मीटर (डावं-उजवं एकमेकांशी किती जुळतं ते दाखवणारा) शून्याच्या खाली रेंगाळताना दिसेल.

पहिला संशयित म्हणजे एका बाजूला १० ते ३० मिलिसेकंद उशीर देऊन केलेली रुंदी. १० मिलिसेकंद उशीर मोनोत ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा दर शंभर हर्ट्झवर खाचा पाडतो. पॅडचा पोत कंगव्यासारखा होतो. दुसरा संशयित म्हणजे मोनो आवाजातून कृत्रिम रुंदी काढणारी प्लगइन. हेडफोनवर दोन्ही आलिशान वाटतात, आणि फसवणूक तिथेच होते. त्याऐवजी एकाच पॅडचे दोन वेगळे ट्रॅक करा: डिट्यून किंचित वेगळं, फिल्टरचा एलएफओ (त्याला सावकाश मागे-पुढे हलवणारी लहर) वेगळ्या वेगाचा, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. मध्ये त्याच सुरांचा एक साधा मोनो थर ६ ते ८ डीबी खाली ठेवा. ब्लूटूथ स्पीकरवर पॅडचा कणा तोच थर धरतो. साइड चॅनेलमधून (डाव्या-उजव्यातल्या फरकाच्या भागातून) १५०-२०० हर्ट्झखालचं काढून टाका.

रिव्हर्बचं थोडक्यात. खोली नसल्यामुळे हेडफोनवर शेपटीचा शेवटचा धागासुद्धा ऐकू येतो, म्हणून प्रमाण कमी पडतं आणि स्पीकरवर मिक्स कोरडं वाटतं. क्रॉसफीड चालू ठेवून खालच्या खुणेवर, रिटर्न बंद-चालू करत ऐका. फरक जेमतेम कळेल तिथे ठेवा. प्री-डिले (रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा उशीर) १२८ बीपीएमला २९ मिलिसेकंद, रिटर्नवर २५० हर्ट्झचा हाय-पास आणि ७ किलोहर्ट्झच्या आसपास लो-पास, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

तिखटपणाची शंका आली की हेडफोन कानावर एक सेंटिमीटर पुढे सरकवा. टोचणारा सूर बदलला किंवा हलला तर तो हेडफोन आणि कान यांच्यातला आहे, मिक्समध्ये कापू नका. तसाच राहिला आणि अ‍ॅनालायझरवरही त्या जागी टोक दिसलं तर हॅटमधून खुशाल काढा.

घरातल्या इतरांना त्रास न देता स्पीकर

नवीन हेडफोनचे पैसे बाजूला ठेवून एक छोटा स्पीकर घ्या. जोडी नको, एकच, ३ किंवा ४ इंची. कानापासून ५०-६० सेंटिमीटरवर, भिंतीपासून सुटा, खाली जाड फोम. मॉनिटरच्या वाटेवर १२० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावा. भिंतीतून पलीकडे जाते ती प्रामुख्याने खालची पट्टी. ती कापली की साध्या बोलण्याइतका आवाज शेजारच्या खोलीत फारसा पोचत नाही. बेस तर तुम्ही आकड्यांनी ठरवलेलाच आहे. या स्पीकरवर फक्त लीड, क्लॅप, पॅड आणि रिव्हर्ब बघायचे, मोनोमध्ये, दिवसा, सगळ्यांना सोयीच्या वेळी पंधरा मिनिटं. बेसचा सूर फोनवरही कळावा असं वाटत असेल तर बेसवर थोडं सॅच्युरेशन (नवे हार्मोनिक घालणारी हलकी विकृती) द्या. ४५ हर्ट्झ तिथे ऐकू येणार नाही, पण त्याचे १३५ आणि १८० वरचे हार्मोनिक मेंदूला मूळ सूर सुचवतात.

हेडफोनवर काम करूनही घरच्यांची झोपमोड होते ती वेगळ्याच कारणाने. ड्रम पॅडवर बोटांनी वाजवलेला ठोका टेबलाच्या पायांतून जमिनीत उतरतो आणि खालच्या मजल्यावर स्पष्ट धबधब ऐकू येते. पॅडखाली दोन इंच मऊ फोम आणि त्यावर जड फळी ठेवा, किंवा रात्री माउसने नोट्स भरा आणि वाजवण्याचं काम दिवसा करा.

गाडीत तपासायला जाताना एकच बाउन्स (मिक्सची काढलेली फाइल) आणि तोच संदर्भ ट्रॅक, पातळी जुळवून, सोबत न्या. दोन्हीत बेस फुगत असेल तर ती गाडी आहे. फक्त तुमचाच फुगत असेल तर घरी येऊन ६० ते १२० चा आकडा पुन्हा वाचा आणि तेवढंच बदला. शेवटचा बाउन्स २४-बिट वेव्ह, शिखर -६ डीबीएफएसच्या आसपास, मिक्स-बसवर लिमिटर नसलेला असा काढा. मग तोच बाउन्स चालू प्रोजेक्टमध्येच, मिक्स-बसमधून न जाणाऱ्या नव्या ट्रॅकवर आणा आणि पोलॅरिटी उलटून मिक्स-बसच्या आवाजासोबत वाजवा. पूर्ण शांतता आली तर फाइलमध्ये करेक्शन शिरलेलं नाही. थोडा आवाज उरला तर आधी रँडम फेजचे ऑसिलेटर आणि मोकळे धावणारे एलएफओ असलेले ट्रॅक ऑडिओत बदलून पुन्हा तपासा. तरीही उरला तर एक्स्पोर्टची वाट चुकली आहे.